गच्चीवरचे वाळवण आणि रोजची स्टोरी: पाहणाऱ्याला बोलते कसे करावे

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी माझी मावशी बरीच वर्षे कुरडया, सांडगे, पापड आणि कांदा-लसूण मसाला करून विकते, आणि तिच्या या घरगुती व्यवसायाचे इन्स्टाग्राम खाते सांभाळण्याचे काम गेले चार उन्हाळे माझ्याकडे आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी रोज न चुकता स्टोरी, म्हणजे चोवीस तासच दिसणारे चित्र किंवा छोटा व्हिडिओ, टाकत असे. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत ‘शुद्ध, घरगुती, खात्रीशीर’, खाली फोन नंबर, कोपऱ्यात वेलबुट्टी. असे एक चित्र तयार करायला माझा अर्धा तास जाई. पाहणाऱ्यांच्या यादीत नावे पुष्कळ दिसत, पण कोणी अवाक्षर काढत नसे. मग एके सकाळी कुरडईचा चीक शिजत असताना, मावशी दोन्ही हातांनी पातेले घाटत होती तेवढा बारा सेकंदांचा तुकडा मी कसलीही सजावट न करता टाकला आणि त्यावर इतकेच लिहिले, ‘पातेल्यातला पहिला वाटीभर चीक तुमच्या घरी कोणाला मिळायचा?’ दुपारपर्यंत उत्तरांची रीघ लागली. कोणाला आजी आठवली, कोणी धाकट्या भावाशी झालेली भांडणे सांगितली, आणि एका काकूंनी तर चीक दूध-साखरेशी खाणाऱ्यांना चिकाची चवच कळलेली नाही, तो तेल-मीठ घालूनच खायचा असतो, असे ठणकावून लिहिले.

त्या दिवसापासून आम्ही स्टोरीकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. पुढच्या तीन उन्हाळ्यांत अनेक गोष्टी करून पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे: पाहणारा माणूस बोलतो, पण आपल्या बोलण्याने समोर काहीतरी हलते, ठरते, बदलते हे त्याला दिसले तरच बोलत राहतो. रंग, संगीत, चमकणारी चिन्हे यांनी त्याची नजर क्षणभर थांबते इतकेच. पुढे जे सांगणार आहे ते घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या अनुभवातून आलेले असले, तरी शिवणकाम करणाऱ्या ताईंना, रोपवाटिका चालवणाऱ्यांना किंवा केवळ हौसेने आपला दिवस चार लोकांना दाखवणाऱ्यांनाही ते तितकेच लागू पडेल.

स्टोरीचे माध्यम मुळात काय आहे

चोवीस तासांत आपोआप दिसेनाशी होणारी स्टोरी स्नॅपचॅटने २०१३ मध्ये आणली, इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०१६ मध्ये तीच कल्पना स्वीकारली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपचे स्टेटसही त्या धर्तीचे झाले. हा इतिहास लक्षात ठेवण्याचे कारण एवढेच, की स्टोरी जन्मापासूनच क्षणभंगुर आहे. ती भिंतीवर लावायची तसबीर नाही. दारावरून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाशी ओट्यावरून दोन शब्द बोलावेत तसा तिचा स्वभाव आहे. पाहणाऱ्याचा अंगठा सतत पडद्याच्या उजव्या कडेवर असतो. छायाचित्र काही सेकंदच टिकते, आणि त्याआधीही टिचकी मारून पुढे जाण्याची मुभा त्याला असते.

कोणाची स्टोरी कोणाला आधी दाखवायची हे ठरवताना आपण प्रामुख्याने तीन गोष्टी पाहतो, असे इन्स्टाग्रामने जाहीरपणे सांगितले आहे: तो माणूस तुमच्या स्टोऱ्या किती वेळा पाहतो, त्यांना लाइक किंवा उत्तर किती वेळा देतो, आणि तुम्हा दोघांची जवळीक किती असावी. याचा सरळ अर्थ असा, की ज्याने तुम्हाला कधीच उत्तर दिलेले नाही त्याच्या पडद्यावर तुमच्या स्टोरीचे गोल चिन्ह हळूहळू मागे सरकत जाते, आणि ज्याने काल ‘आमच्याकडेही असेच करतात’ एवढे चार शब्द लिहिले त्याला आज तुम्ही पुढे दिसता. म्हणून हजारोंनी मुकाट्याने पाहण्यापेक्षा शंभरांपैकी दहांनी बोलणे अधिक मोलाचे आहे, आणि आपला सगळा खटाटोप त्या दहांसाठी असावा.

एका कुरडईचे सात दिवस

दिवसभरात जे घडते तेच दाखवायचे असेल तर ते रंजक कसे होणार, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर कुरडईनेच मला दिले. कुरडई एका दिवसात होत नाही. गहू तीन दिवस भिजतो, त्याचे पाणी रोज बदलावे लागते, चौथ्या दिवशी तो वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पाचव्या पहाटे शिजवून सोऱ्याने पाडायचा आणि पुढे दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायचा. म्हणजे तिच्यात ‘उद्या काय होईल’ हा धागा आपोआपच असतो, आणि तोच धागा पाहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत आणतो. आपल्या कामात असा धागा कोठे आहे ते आधी शोधावे. शिवणकाम करणाऱ्यांकडे कापड बेतण्यापासून काज-बटणापर्यंत तो असतो, रोपवाटिकेत बी पेरल्यापासून दोन पाने फुटेपर्यंत असतो, अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याकडे परीक्षेपर्यंतचे उरलेले दिवस असतात.

आम्ही पहिल्या दिवशी फक्त पातेल्यात गहू पडतानाचा आवाज आणि त्यावर ओतलेले पाणी दाखवतो आणि लिहितो, ‘आज सोमवार. या गव्हाची कुरडई शुक्रवारी गच्चीवर असेल.’ एवढ्याने वचन दिले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना दाखवतो. तिसऱ्या दिवशी मावशी भिजलेला एक दाणा दोन बोटांत धरून दाबते आणि त्यातून पांढरा, दाट चीक टपकन बाहेर येतो. हे दृश्य आम्ही अगदी जवळून, नखावरची हळद दिसेल इतक्या जवळून घेतो. या तुकड्यावर क्विझचे स्टिकर (स्टोरीवर लावायची, टिचकी मारून उत्तर देता येणारी प्रश्नाची चौकट) लावून विचारतो, ‘हा दाणा किती दिवस भिजलेला असेल?’ आणि तीन पर्याय देतो. सोमवारपासून पाहत आलेल्यांना उत्तर ठाऊक असते, त्यामुळे बरोबर पर्यायावर बोट ठेवताना त्यांना आपण या कामात सामील आहोत असे वाटते. नव्याने आलेल्याला मागचे दिवस पाहण्याची उत्सुकता लागते.

चौथ्या दिवसाचे काम अंग मोडणारे असते आणि ते सगळे दाखवण्याचा मोह मी आता टाळते. वाटलेला गहू हाताने पिळून चोथा बाजूला काढतानाचा एक तुकडा आणि कापडातून पांढरे पाणी गाळले जातानाचा दुसरा, एवढे दोनच पुरेसे होतात. रात्री झाकलेल्या पातेल्याचे छायाचित्र टाकून ‘सकाळी यावर पिवळसर पाणी आलेले असेल, ते ओतून दिले की खाली खरवसासारखा चीक बसलेला दिसेल’ असे लिहिते. पुढचे दृश्य आधीच शब्दांत सांगितले म्हणून उत्सुकता कमी होते असे अनेकांना वाटते, पण माझा अनुभव उलट आहे; काय पाहायचे हे कळले की लोक ते पाहायला मुद्दाम येतात.

पाचवी पहाट ही सगळ्या आठवड्याची राणी. जितका चीक तितके पाणी, त्यात मीठ आणि हिंग, पाण्याला उकळी आली की एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने घाटत राहायचे. गुठळी होता कामा नये. पांढरा चीक बघता बघता काचेसारखा चमकू लागतो, आणि तो क्षण पकडायला मी फोन आधीच टेकवून ठेवलेला असतो. नंतर गरम गोळा पितळी सोऱ्यात भरून मावशी प्लास्टिकच्या कागदावर गोल गोल कुरडई पाडते. हा तुकडा मी कधी कापत नाही. एक कुरडई पडायला जेवढे सेकंद लागतात तेवढे पूर्ण दाखवते, कारण सुरू झालेले वर्तुळ पुरे होताना पाहण्यात माणसाला समाधान असते, आणि इन्स्टाग्रामवर साठ सेकंदांपर्यंतचा व्हिडिओ एकाच स्टोरीत सलग राहतो. वाळण्याच्या दिवसांत फार काही घडत नाही, तेव्हा स्टोऱ्याही कमी टाकाव्यात. सकाळी एक, संध्याकाळी उलटून ठेवताना एक.

प्रश्न असा विचारावा की उत्तराने काही ठरेल

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे थोडे अधिक थांबते. ‘तुम्हाला कुरडया आवडतात का?’ हा प्रश्न पाहा. त्याला ‘हो’ म्हणून पुढे काय? कोणाचेच काही बदलत नाही. त्याऐवजी सोऱ्याच्या दोन ताटल्या, एक बारीक भोकांची आणि एक जाड भोकांची, शेजारी शेजारी धरून ‘आज शेवटचा घाणा कोणत्या ताटलीने पाडू?’ असे पोल (दोन पर्यायांपैकी एकाला मत देण्याचे स्टिकर) लावून विचारले, की पाहणाऱ्याच्या बोटाच्या एका स्पर्शाने आमच्या गच्चीवरची कुरडई जाड किंवा बारीक होणार असते. तासाभरात निकाल पाहायचा, जिंकलेली ताटली सोऱ्यात बसवताना दाखवायची आणि संध्याकाळी तीच कुरडई पुन्हा दाखवून ‘तुम्ही निवडलेली’ असे लिहायचे. विचारणे, करणे आणि करून दाखवणे ही तिन्ही पावले झाली तरच पोलला अर्थ आहे, आणि तिसरे पाऊल बहुतेक जण विसरतात.

हे मी दुसऱ्या उन्हाळ्यात चटका बसून शिकले. उडदाचे पापड जिऱ्याचे करावेत की मिरीचे, असा पोल आम्ही लावला आणि लोकांनी जिऱ्याला स्पष्ट कौल दिला. पण घरात मिरी कुटून तयार होती, म्हणून आम्ही मिरीचेच पापड आधी लाटले आणि त्याविषयी काही न बोलता त्यांची छायाचित्रे टाकली. पुढच्या दोन पोलना नेहमीच्या निम्म्याहूनही कमी मते आली, आणि एका जुन्या ग्राहक ताईंनी लिहिले, ‘करायचे तेच करणार असाल तर विचारता कशाला?’ त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. मावशीने स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन चूक कबूल केली, दुसऱ्या दिवशी जिऱ्याचे पापड लाटले, आणि तेव्हापासून घरातला नियम असा आहे की दोन्ही उत्तरे पाळता येणार असतील तरच प्रश्न विचारायचा.

प्रत्येक स्टिकरचा स्वभाव वेगळा असतो. पोलमध्ये उत्तर अंगठ्याने देता येते, त्यामुळे लाजरा माणूसही सहज भाग घेतो. रोज एखादा पोल चालून जातो. प्रश्नपेटीत मात्र शब्द टंकावे लागतात, म्हणून ती आठवड्यातून एकदाच आणि आठवण जागी होईल अशाच विषयावर लावावी. ‘तुमच्या घरी सांडग्यांत काय घालतात?’ या प्रश्नाला आम्हाला कोहळा, दुधी, कांदा, मिश्र डाळी, आणि प्रत्येक घराचे आपापले प्रमाण अशी उत्तरे आली की त्यांची एक वहीच तयार झाली. त्यांतली एक कृती आम्ही करून पाहिली आणि ती पाठवणाऱ्या आजींना पहिली पुडी भेट दिली. प्रश्नपेटीतले उत्तर स्टोरीवर टाकताना पाठवणाऱ्याचे नाव इतरांना दिसत नाही, हेही एकदा सांगून ठेवावे. त्याने मोकळेपणा वाढतो. उलटी गणती दाखवणारे काउंटडाउनचे स्टिकर मागणी खुली होण्याच्या दिवसासाठी राखून ठेवावे, कारण त्यावर टिचकी मारणाऱ्याला वेळ झाली की फोनवर आठवण येते. चेहऱ्याच्या चिन्हाला सरकवायचा स्लायडर मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. तो सरकतो, पण पुढे काही घडत नाही.

एक गोष्ट पाहणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते: पोलमध्ये कोणी कोणते मत दिले हे खाते चालवणाऱ्याला नावानिशी दिसते. ही माहिती विश्वासाने हाताळावी. बारीक ताटली निवडणाऱ्या ताईंना ‘तुमच्या आवडीची कुरडई वाळली आहे’ असा निरोप पाठवणे हे अगत्य झाले. पण कोणाचे मत काय होते हे चारचौघांत दाखवणे बरे नव्हे.

उजेड, आवाज आणि अक्षरे

महागड्या कॅमेऱ्याची गरज नसते. फोन उभा धरावा, भिंग पदराने किंवा रुमालाने पुसून घ्यावे (स्वयंपाकघरात त्याच्यावर तेलकट वाफ बसते आणि सगळे धुरकट दिसते), आणि खिडकी आपल्या पाठीशी किंवा बाजूला ठेवावी. वाळवणाच्या गच्चीवर भर दुपारचे ऊन सगळे पांढरे करून टाकते, म्हणून आम्ही सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतर चित्रीकरण करतो; तिरप्या उन्हात कुरडईची प्रत्येक तार सुटी दिसते.

पहिल्या सेकंदातच हात हलताना दिसला पाहिजे. ‘नमस्कार मंडळी, आज आपण’ या सुरुवातीत पाहणारा निघून जातो. सोऱ्याची दांडी फिरते आहे, तेलात सांडगा पडतो आहे, मिरच्यांचे देठ मोडले जात आहेत, अशा ऐन कामातून तुकडा सुरू करावा आणि बोलणे नंतर येऊ द्यावे. त्या कामाचा मूळ आवाजही जपावा. व्यवसाय म्हणून नोंदवलेल्या खात्यांना इन्स्टाग्रामवर गाण्यांचा संग्रह मर्यादितच मिळतो आणि त्यावरून अनेक जण खट्टू होतात, पण तळणीचा चुरचुराट किंवा डंकावर मसाला कांडला जातानाचा ठोका कोणत्याही गाण्यापेक्षा लवकर लक्ष वेधतो. बोलणे असेल तेव्हा मुख्य वाक्य अक्षरांतही लिहावे, कारण बसमध्ये किंवा कार्यालयात स्टोरी पाहणाऱ्या पुष्कळांचा आवाज बंद असतो.

अक्षरांची जागा सांभाळावी लागते. स्टोरीची चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची असते. तिचे वरचे सुमारे २५० आणि खालचे सुमारे ३४० पिक्सेल मोकळे ठेवावेत, नाहीतर वर खात्याच्या नावाखाली आणि खाली उत्तराच्या पट्टीखाली आपले शब्द झाकले जातात. एका स्टोरीवर दहा-बारा शब्दांहून अधिक लिहू नयेत. इन्स्टाग्राममध्ये मिळणारे बहुतेक सजावटी टाइप रोमन अक्षरांसाठी बनलेले असल्यामुळे देवनागरी मजकूर साध्याच टाइपात उमटतो. वेगळी अक्षरे हवीच असतील तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे मोफत टाइप वापरून मजकूर बाहेर तयार करून आणावा. मराठी टंकताना ऱ्हस्व-दीर्घ एकदा वाचून घ्यावे. ‘पीठ’ ऐवजी ‘पिठ’ असे लिहिलेले पाहून कोणी माल घेणे थांबवत नाही हे मान्य, पण ज्या हाताने निगुतीने कुरडई पाडली त्याच निगुतीने तिचे नावही लिहावे असे मला मनापासून वाटते.

दिवसाला चार ते सात स्टोऱ्या पुष्कळ झाल्या. पडद्याच्या वर दर स्टोरीमागे एक दिसणाऱ्या रेघा बारीक होत होत टिंबांसारख्या दिसू लागल्या की पाहणारा सगळेच सोडून पुढच्या खात्यावर जातो. सणाच्या दिवशी तयार शुभेच्छाचित्र टाकण्याची प्रथा तर मी आग्रहाने सोडायला सांगेन. गुढीपाडव्याला प्रत्येकाच्या पडद्यावर तीच गुढी, तोच कलश असतो. त्याऐवजी त्या दिवशी तुमच्या घरी श्रीखंडासाठी बांधलेला चक्का टपकत असेल तर तोच दाखवावा. विक्रीची स्टोरी आठवड्यातून दोनदा, स्पष्ट शब्दांत, किंमत, वजन आणि पाठवण्याचा खर्च लिहून टाकावी. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असे लिहून माणसाला ताटकळत ठेवू नये.

उत्तर आल्यावर

स्टोरीखालच्या पट्टीतून पाठवलेले उत्तर खासगी निरोप म्हणून पोचते, म्हणजे तो माणूस आपल्या दारात येऊन उभा राहिलेला असतो. त्याला नुसते लाल बदाम पाठवून वाटेला लावू नये. ‘आमच्या आजी कुरडईत मेथीदाणा घालायच्या’ असे कोणी लिहिले, तर किती घालायच्या, कडू होत नसे का, असे उलट विचारावे. मावशीला टंकणे जमत नाही, म्हणून ती आपल्या आवाजात निरोप पाठवते, आणि तिचा तो ‘अगं बाई, खरंच का!’ ऐकून लोक पुन्हा पुन्हा बोलतात. लहान मुलीपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना ती आपल्या पद्धतीने ताई, दादा, काका म्हणते. कोणाला ‘डिअर कस्टमर’ म्हणणे आम्ही पहिल्या महिन्यातच सोडले.

एखाद्याचे कौतुकाचे शब्द स्टोरीवर दाखवायचे असतील तर आधी परवानगी घ्यावी आणि नाव, फोन नंबर, पत्ता झाकावा. मागणीच्या चिठ्ठ्यांचे किंवा बांधलेल्या खोक्यांचे छायाचित्र घेताना वरचा पत्ता वाचता येत नाही ना, हे दोनदा पाहावे. मावशीकडे कामाला येणाऱ्या तीन बायकांपैकी एकीला चेहरा दाखवणे पसंत नाही. तिचे फक्त हात दिसतात, आणि पाहणारे आता तिच्या हिरव्या बांगड्यांवरून तिला ओळखतात.

वाईट बातमीही सांगावी. तिसऱ्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला आणि गच्चीवरच्या अर्ध्या ओल्या कुरडया डोळ्यांदेखत लगदा झाल्या. तो भिजलेला कागद मी दाखवला, कोणत्या मागण्यांना किती उशीर होईल ते स्पष्ट लिहिले, आणि ज्यांची मागणी होती त्यांना एकेकाला विचारले की थांबता की पैसे परत पाठवू. बहुतेक सगळे थांबले. पुढचा आठवडाभर दूरदूरचे लोक ‘आज ऊन आहे का?’ एवढेच विचारायला येत राहिले, आणि नव्या घाण्याचा गहू भिजत घातला तेव्हा ती स्टोरी आमच्या खात्यावर त्या वर्षी सर्वांत अधिक उत्तरे मिळवून गेली.

आकडे कसे वाचावेत

व्यवसायाच्या किंवा निर्मात्याच्या खात्यावर प्रत्येक स्टोरीखाली काही आकडे मिळतात. किती जणांनी पाहिली हा आकडा मी सर्वांत शेवटी पाहते. मागे जाणाऱ्या टिचक्या आधी पाहाव्यात: लोक मागे येतात ते एकतर काही आवडले म्हणून किंवा वाचायला वेळ पुरला नाही म्हणून. मसाल्याचे प्रमाण लिहिलेल्या स्टोरीवर अशा टिचक्या वाढल्या, तेव्हा आम्ही ते प्रमाण दोन स्टोऱ्यांत विभागले आणि ‘बोट दाबून ठेवले की चित्र थांबते’ असेही लिहिले. अनेकांना हे माहीतच नव्हते. मध्येच बाहेर पडणाऱ्यांचा आकडा एखाद्या स्टोरीवर एकाएकी चढला तर ती लांबली किंवा भरकटली असे समजावे. उत्तरे किती आली हे मी वहीत तारखेसह लिहिते, शेजारी प्रश्नही लिहिते; महिन्याने पाहिले की कोणत्या प्रश्नांनी माणसे बोलती झाली ते आपोआप दिसते. कोणी पाहिले त्यांच्या नावांची यादी मात्र ४८ तासांपर्यंतच मिळते, म्हणून काही कळवायचे असेल तर त्याआधी कळवावे.

गावाकडच्या पुष्कळ बायका इन्स्टाग्रामवर नसतात, त्या व्हॉट्सॲपवर असतात. तेथे तुमचे स्टेटस दिसण्यासाठी दोघांनीही एकमेकांचे नंबर फोनमध्ये जतन केलेले असावे लागतात, त्यामुळे प्रत्येक पुडीत आम्ही ‘हा नंबर मावशीच्या नावाने सेव्ह करा, वाळवण रोज पाहायला मिळेल’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी घालतो. स्टेटसवर पोलचे काम प्रश्न लिहूनच भागवावे: ‘जाड हवी असेल तर १ पाठवा, बारीक हवी असेल तर २.’

चोवीस तासांनी पुसल्या जाणाऱ्या स्टोऱ्यांपैकी जपण्यासारख्या निवडून त्या हायलाइटमध्ये, म्हणजे खात्याच्या पानावर कायम दिसणाऱ्या संग्रहात, ठेवाव्यात. आमच्याकडे ‘कुरडई’, ‘मसाला’, ‘दर’ आणि ‘तुमच्या घरचे’ अशा चारच आहेत. ‘दर’ मध्ये वजन, किंमत आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक आहे, आणि ‘तुमच्या घरचे’ मध्ये लोकांनी पाठवलेल्या कृती आहेत, परवानगी देणाऱ्यांच्या नावांसह. उन्हाळाभर पाहणाऱ्यांनी निवडलेल्या ताटल्या, पापड, सांडगे यांच्या स्टोऱ्या आम्ही काढून ठेवतो. मृगाचा पहिला पाऊस पडला की मावशी कढई ठेवते, त्या निवडींपैकी एकेक कुरडई गरम तेलात सोडते, ती फुलून पातेलीएवढी होते, आणि ज्यांनी एप्रिलमध्ये बारीक ताटलीवर बोट ठेवले होते त्यांना आम्ही तो तुकडा पाठवून विचारतो, ‘सोबत काय करू, पिठले की आमटी?’